गुपित कोणापासून?

नोव्हेंबर १९६२ मध्ये सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला आणि संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणांच्या वाट्याला चीनकडून झालेल्या पराभवाचा पंचनामा आला. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत यांनी केलेल्या चौकशीचा अहवाल पुढच्या वर्षी सरकारच्या हाती पडला. २ सप्टेंबर १९६३ रोजी यशवंतरावांनी लोकसभेत निवेदन केले. प्रशिक्षण, शस्त्रसामग्री, सेनाधिकाऱ्यांचे नेतृत्व यांत कोठे उणे पडले हे त्यांनी सांगितले, पण अहवाल सभागृहापुढे ठेवला नाही. युद्ध नुकते थांबलेले, चीन दारात उभा. त्या घडीला ते समजण्यासारखे होते. साठ वर्षे उलटली तरी तो कुलुपातच आहे, हे मात्र समजण्यापलीकडचे.

बरे, गुपित तरी राहिले का? नेव्हिल मॅक्सवेल या परदेशी पत्रकाराने या अहवालाच्या आधारे १९७० साली पुस्तक लिहिले आणि २०१४ मध्ये अहवालाचाच काही भाग थेट इंटरनेटवर टाकला. म्हणजे तो जगाने वाचला; फक्त आपल्या संसदेच्या पटलावर तो यायचा नाही! मजकूर आजही लष्करीदृष्ट्या संवेदनशील आहे, असे तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी २०१० मध्ये संसदेला सांगितले. मार्च २०१४ मध्ये विरोधी पक्षात असलेल्या अरुण जेटलींनी ही गुप्तता आणखी किती काळ, असा सवाल केला. त्याच जेटलींनी जुलैत संरक्षणमंत्री म्हणून राज्यसभेला कळवले की, अहवाल उघड करणे राष्ट्रहिताचे नाही. बाक बदलले तसे राष्ट्रहितही बदलले. यात काँग्रेस आणि भाजप एकमेकांना नावे ठेवू शकत नाहीत.

संसदेला अंधारात ठेवण्याची ही सवय मोडलेली नाही. ‘ऑपरेशन सिंदूर’मध्ये आपली काही लढाऊ विमाने पडली, याची कबुली संरक्षण दलप्रमुख जनरल अनिल चौहान यांनी ३१ मे २०२५ रोजी दिली ती सिंगापुरात, एका परदेशी वृत्तसंस्थेला. विरोधक विशेष अधिवेशन मागत होते. संसदेत चर्चा झाली जुलैच्या अखेरीस. जे परक्यांच्या कॅमेऱ्यापुढे बोलता येते ते लोकप्रतिनिधींपुढे आधी का बोलता येऊ नये?

गुप्तचर यंत्रणांची तऱ्हा तर याहून न्यारी. ‘रॉ’ १९६८ साली सरकारी आदेशाने उभी राहिली. आजही तिला संसदेच्या कायद्याचा आधार नाही. ‘आयबी’चेही तेच. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २४ ने भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचे प्रश्न वगळता दोघींना सूट दिली. संसदेने पैसे मंजूर करायचे, पण कामाचा जाब कोणत्या समितीने विचारायचा हे ठरलेलेच नाही. काँग्रेसचे खासदार मनीष तिवारी यांनी त्यासाठी २०११ मध्ये आणलेले खासगी विधेयक बारगळले.

खासदारांच्या तोंडात तीळ भिजत नाही, ही नोकरशाहीची जुनी तक्रार. ती सगळीच खोटी नाही. पण अमेरिकेने १९७६-७७ मध्ये आणि ब्रिटनने १९९४ मध्ये याच अडचणीवर तोड काढली. ब्रिटनमध्ये मोजक्या सदस्यांची समिती बंद दाराआड गुप्तचरांना प्रश्न विचारते आणि धोक्याचा मजकूर वगळून अहवाल संसदेला देते. आपल्या लोकसभेच्या नियमावलीतही नियम २४८ नुसार गुप्त बैठकीची सोय आहे. ती आजवर वापरली गेलेली नाही. १९६२ मध्ये चिनी फौजा देशात असताना नेहरूंनी ८ नोव्हेंबरला संसद बोलावली. गुप्त बैठकीची सूचना त्यांनी फेटाळली आणि उघड चर्चेत स्वतःवरची टीका ऐकून घेतली. आजच्या सरकारला तेवढे धाडस नको असेल, तर निदान बंद दाराआड तरी बोलावे.

चालू मोहिमा, हेरांची नावे, सैन्याच्या हालचाली जनतेला कळू नयेत, याबद्दल आमचे दुमत नाही. पण जनतेपासून लपवणे वेगळे आणि जनतेने निवडून दिलेल्या सभागृहापासून लपवणे वेगळे. गुप्तचर यंत्रणांसाठी कायदा आणि त्यांच्यावर देखरेख करणारी, गुप्ततेची शपथ घेतलेली सर्वपक्षीय समिती, या दोन गोष्टी संसदेने स्वतःच मागून घ्याव्यात. आणि त्या समितीपुढे पहिला कागद ठेवावा तो हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवालाचा.