आधी गावाचं नाव सांगा!

परवाच्या शनिवारी आमची अवचितगडावर स्वारी झाली. हापिसातली पाच टाळकी, एक गाडी आणि कुणीतरी ग्रुपवर ढकललेली लोकेशनची पिन. बस्स, एवढीच तयारी. पनवेल, पेण, वडखळ (इथला चहा-वडा चुकवला तर पाप लागतं), नागोठणे आणि तिथून रोह्याचा रस्ता. पुढे मोबाईलमधल्या बाई सांगतील तिकडे वळत गेलो. "आपण पोहोचला आहात" असं बाई म्हणाल्या तेव्हा समोर भाताचं खाचर होतं आणि मागे एक गोठा. गड दिसत होता हो, अगदी डोक्यावर! वर जायची वाट तेवढी नव्हती.

तरी चढलो. इंजिनिअरच ना आम्ही, विचारणार कुणाला? गुरांच्या वाटेने अर्धा-पाऊण तास रान तुडवलं आणि एका मित्राचा पाय असा मुरगळला की टेकवता येईना. दुसऱ्याचे काका रोह्यात राहतात. त्यांना फोन लावला. काकांचा पहिला प्रश्न, "कुठून चढलात? मेढा, पिंगळसई की पडम?"

पाच इंजिनिअर, पाच स्मार्टफोन आणि गावाचं नाव एकालाही माहीत नाही.

"काका, लोकेशन पाठवतो ना..." पण नेट कुठलं! फोनच मधूनमधून तुटत होता. काका वैतागून म्हणाले, "अरे, ते आलं तरी मी रिक्षावाल्याला काय सांगू? गाव सांग, गाव!" शेवटी मोळी घेऊन चाललेल्या एक मावशी भेटल्या. त्यांनी वाडीचं नाव सांगितलं (काकांच्या तिन्हींपैकी एकही नव्हे) आणि बरोबर येऊन खाली उतरवलं. नाव ऐकल्यावर मात्र काकांना सगळं कळलं आणि रिक्षा आली. मधे दीड तास गेला होता.

आता यात मोबाईलमधल्या बाईंचा काय दोष? त्यांना डोंगर दिसत नाही, अक्षांश आणि रेखांश असे दोन आकडे दिसतात. बिंदू गडाच्या माथ्यावर टाकला की बहुतेक वेळा त्याला हवेतून सगळ्यात जवळ पडणारा गाडीरस्ता निवडला जातो. त्या रस्त्यापासून वर वाट आहे की कातळ, याच्याशी हिशोबाला देणंघेणं नाही. चूक पिन टाकणाऱ्याची आहे. त्याने पिन टाकली गडावर, गाडी मात्र जाणार पायथ्याला. ज्याने आयुष्यात एकदा तरी एपीआयला चुकीचा इनपुट दिला असेल, त्याला हे वेगळं सांगायला नको.

दुसरी जमात याच्याही वरची. जुने, अस्सल, 'आमच्या वेळी' वाले ट्रेकर. ते म्हणतात, गाडीचा रस्ता लिहूच नका; लिहिलात की गर्दी होते, कचरा होतो, रील्सवाले येतात. अहो, गर्दी येऊन चुकलीय! फरक इतकाच की ती आता चुकीच्या वाडीत, कुणाच्या तरी अंगणात येऊन उभी राहते. पहाटे साडेपाचला हॉर्न वाजवून "गड कुठे?" विचारते आणि एस.टी. जिथे वळते नेमकी तिथेच गाडी लावून वर निघून जाते. तुम्ही रस्ता लपवलात म्हणून गड वाचला नाही. गावाला मात्र ताप झाला. आणि यांना स्वतःला वाट कुणी दाखवली होती? गावकऱ्यांनीच ना? मग आता कसला सोवळेपणा?

तेव्हा रस्ता लिहा, पण शब्दांत लिहा. सुरगडाला महामार्गावर नागोठणे-कोलाडच्या मधे खांब गाव. घोसाळगडाला घोसाळे. पेणजवळच्या सांकशीला पायथ्याचा दर्गा विचारायचा. नाव माहीत असलं की रस्ता विचारता येतो, मदत बोलावता येते आणि मोबाईल मेला तरी परत येता येतं. पिन टाकायचीच असेल तर गाडी लावायच्या जागेवर टाका. आणि ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांचं काय? रोहा हे स्टेशन आहे राव! मध्य रेल्वे तिथे संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते. दिव्याहून रोह्याला गाडी जाते. तेही दोन ओळींत लिहायला काय जातं?

दुसऱ्याला शहाणपणा शिकवून झाला, आता माझं घ्या. पंधरा दिवसांनी परत गेलो, पाय मुरगळलेल्या मित्रासकट. अवचितगड: नागोठण्याहून रोह्याला जाताना रोह्याच्या अलीकडे मेढा गाव लागतं. गाडी गावात विचारून लावा, एस.टी.च्या वळणावर नको. वाट गावातल्या कुणालाही विचारा, रान दाट आहे. पाणी भरपूर न्या. वरचा बारा कोनी तलाव न बघता उतरू नका. पिंगळसईकडूनही वाट आहे, आम्ही त्या बाजूला उतरलो. पण मग गाडी राहते मेढ्यात, हे लक्षात ठेवा (आम्ही ठेवलं नव्हतं, काकांना परत फोन). पडमची वाट मी चाललेलो नाही, म्हणून लिहीत नाही. कुणी चाललं असेल तर लिहा.