जहाजाच्या पिछाडीची खोली

जलपर्यटनास निघणाऱ्या कुटुंबांपुढें एक प्रश्न हटकून येतो : जहाजाच्या पिछाडीची, मागें तोंड असलेली सज्ज्याची खोली घ्यावी किंवा कसें? तिचे गुण उघड आहेत. जहाज चालूं असतां समोरचा वारा तेथें सहसा लागत नाहीं. मागची फेसाळ वाट व दोन्ही बाजूंचे तीर एकाच दृष्टिक्षेपांत येतात. परंतु जहाज ढकलणाऱ्या पंख्यांची थरथर तेथें अधिक जाणवते, टोंकें मध्यापेक्षां अधिक वरखालीं होतात, आणि ‘क्वीन मेरी २’ सारख्या ३४५ मीटर लांबीच्या जहाजावर पुढच्या टोंकापर्यंतची पायपीट वृद्धांस जड जाते. म्हणून अलास्काच्या बेटांआडील शांत पाण्यांत तरुणांनीं ती खुशाल घ्यावी. उघड्या अटलांटिकवर वडीलधाऱ्यांसाठीं मध्यभागचीच खोली पाहावी. देखावा डेकवरूनही दिसतो. रात्रीची झोंप मात्र खोलींतच मिळावी लागते.