शेतकरी कोणाला म्हणायचे?

१ जुलै हा वसंतराव नाईकांचा जन्मदिवस. महाराष्ट्रात तो कृषी दिन म्हणून पाळतात. पुसद तालुक्यातल्या गहुलीत, बंजारा शेतकरी घरात १९१३ साली ते जन्मले. १९६३ ते १९७५ अशी अकरा वर्षे मुख्यमंत्री राहूनही त्यांची 'शेतकरी' ही ओळख पुसली गेली नाही.

मी रे रोडला दारूखान्यालगतच्या वस्तीत काम करते. तिथल्या कित्येकजणी दुष्काळी गावांतून आलेल्या. 'गावी काय करत होता?' विचारले, की उत्तर येते, 'काही नाही, घरचं शेत होतं.' पेरणी, खुरपणी, काढणी सगळे यांच्या हातचे. सातबाऱ्यावर नाव मात्र सासऱ्याचे, नाहीतर नवऱ्याचे.

नाईकांच्याच काळात रोजगार हमी योजना सुरू झाली. १९७७ साली तिचा कायदा झाला. खडी फोडणाऱ्या बाईचे नाव हजेरीपटावर आले, कामाचा दर बाईपुरुषांना एकच ठरला. मला ही गोष्ट संकरित बियाण्यांहून मोठी वाटते. पण काम संपले की हजेरीपट मिटतो. सातबारा राहतो.

महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली हिंदू वारसा कायद्यात मुलीला मुलाबरोबरीचा वाटा दिला. सून मात्र नवऱ्याच्या हयातीत त्याच्या मर्जीवरच.

मैत्रिणींनो, येत्या कृषी दिनी नाईकांच्या तसबिरीला हार जरूर घालूया. मात्र तिथेच विचारूया, या गावात किती बायकांच्या नावे सातबारा आहे?