तिकिटाचे पैसे आणि मुलाची उंची

परीक्षा संपल्या की वस्त्यांमध्ये सहलीच्या गोष्टी सुरू होतात. महिला मंडळाची बस ठरते, डबे ठरतात आणि तीन-चार वर्षांची लेकरंही पहिल्यांदाच वॉटर पार्क, ॲम्युझमेंट पार्क बघायला निघतात. जावं, अवश्य जावं. 1989 च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातल्या 31 व्या कलमाने खेळ आणि विश्रांती हा मुलाचा हक्क मानला आहे आणि भारताने तो करार 1992 मध्ये स्वीकारला. आपल्या पिढीला जत्रेतला आकाशपाळणा मिळाला. आपल्या लेकरांना त्यापुढचं काही मिळत असेल तर त्यात आनंदच आहे.

पण एक गोष्ट मला खटकते. तिकीट खिडकीवर आई-वडील मुलाला सांगतात, "जरा गुडघे वाकव," म्हणजे उंची कमी भरेल आणि तिकीट लागणार नाही. तेच मूल मोठ्या राइडच्या दारात पोचलं की सांगतात, "टाचा वर कर." एकाच दिवसात लेकरू आधी छोटं होतं आणि मग मोठं होतं. चार माणसांच्या तिकिटात कष्टकरी घराची कित्येक दिवसांची मजुरी जाते, हे मला माहीत आहे. म्हणूनच सकाळपासून संध्याकाळपर्यंत सगळं वसूल करायची घाई होते. माझं म्हणणं एवढंच, की ही वसुली लेकराच्या शरीराकडून करू नका.

राइडच्या दारावरची उंचीची पट्टी शोभेसाठी लावलेली नसते. जोरात फिरणाऱ्या राइडमधला दांडा आणि पट्टा ठरावीक उंचीच्या शरीरासाठी बनवलेला असतो. छोट्या मुलाच्या मांडीवर तो नीट बसत नाही, फट राहते, आणि वळणावर किंवा झटक्याला मूल त्यातून निसटू शकतं. शिवाय लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं आणि मानेचे स्नायू कच्चे असतात. अनेक ठिकाणी मोठ्या राइडसाठी 120 सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त उंची लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्याप्रमाणे चार वर्षांच्या मुलाची सरासरी उंची 103 सेंटिमीटरच्या आसपास असते, म्हणजे 120 पर्यंत पोचायला सात वर्षं लागतात. दारातला मुलगा "नाही" म्हणाला तर त्याच्याशी भांडू नका. तोही बहुधा कंत्राटावर राबणारा, आपल्यासारख्याच घरातला कुणाचा तरी लेक असतो आणि तो आपल्याच लेकराची काळजी घेत असतो.

"मी मांडीवर धरून बसते" हाही उपाय नाही. राइडने झटका दिला की आईच्या हाताची पकड टिकत नाही. साध्या घसरगुंडीवरसुद्धा मोठ्या माणसाच्या मांडीत बसलेल्या मुलाचा पाय कडेला अडकतो, मागून मोठ्या माणसाचं वजन येतं आणि नडगीचं हाड मोडतं. मूल एकटं हळू घसरत आलं असतं तर बहुधा काही झालं नसतं.

दुसरी गोष्ट भीतीची. मूल रडत मागे सरकतं आणि आपण म्हणतो, "वाघ ना तू? बघ, ताई बसली." तीन वर्षांच्या मुलाला तो आवाज, तो अंधार, तो मुखवटा घातलेला माणूस खराच वाटतो. ते घाबरतं, यात भित्रेपणा काही नाही. त्याला आधी बाहेरून बघू द्या, दुसरी मुलं हसताना दिसू द्या. तरी नको म्हणालं तर नको. ज्याला बळजबरीने बसवलं, ते पुढे साध्या पाळण्यालाही घाबरू शकतं. त्या दिवशी त्याने फक्त छोटी आगगाडी आणि कारंजं बघितलं आणि घरी येऊन "पुन्हा कधी जायचं?" विचारलं, तर तिकीट वसूल झालं समजा.

पाण्यात मात्र एक क्षणही नजर हटवू नका. सिनेमात दाखवतात तसं बुडणारं मूल ओरडत नाही. नाकातोंडात पाणी गेलं की आवाजच निघत नाही. मूल हाताच्या अंतरावर हवं आणि फोन पिशवीत हवा. हवा भरलेल्या ट्यूबच्या भरवशावर राहू नका.

विदर्भातल्या वाचकांना आणखी एक सांगायचं आहे. आपल्याकडे अनुसूचित जाती आणि आदिवासी समाजांत सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. एसएस पॅटर्नच्या मुलाला गार पाण्यात खूप वेळ राहणं, पाणी कमी पिणं आणि अति दमणं, या तीनही गोष्टींनी वेदनांचा झटका येऊ शकतो, आणि वॉटर पार्कमध्ये तिन्ही एकाच दिवशी होतात. अशा मुलाला घरी डांबून ठेवा असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांना विचारून न्या, थोडा वेळ खेळलं की बाहेर काढा, अंग पुसून कोरडे कपडे घाला, सतत पाणी पाजा आणि सिकलसेल कार्ड जवळ ठेवा. ताप, छातीत दुखणं, हातपाय ठणकणं यांपैकी काही झालं तर थेट दवाखाना गाठा. मुलाची तपासणी झाली नसेल तर सहलीआधी सरकारी आरोग्य केंद्रात जा. 2023 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत ही तपासणी मोफत होते.

उन्हाचंही तसंच. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 पर्यंत जातो आणि लहान मुलाचं अंग मोठ्यांपेक्षा लवकर तापतं. दुपारी 12 ते 4 सावलीत बसा, जेवा, लेकरांना झोपू द्या. जेवल्याबरोबर गोल फिरणाऱ्या राइडवर बसवू नका. ओआरएसची मोठी पाकिटं घ्या, एक पाकीट एक लिटर पाण्यात. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मुलाला सहा तास लघवी झाली नाही, ते मलूल पडलं, तर सहल तिथेच थांबवा. अंग तापून मूल बरळू लागलं किंवा फिट आली तर 108 ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंग ओलं करून वारा घाला. शुद्धीत नसलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नका.

मंडळाच्या ताईंना विनंती आहे. पैसे भरण्याआधी पार्कवाल्यांना विचारा: पिण्याचं पाणी फुकट आहे का, प्रथमोपचाराची खोली कुठे आहे, पाण्यापाशी जीवरक्षक किती आहेत? पैसे मोजणाऱ्याला विचारायचा हक्क आहे. दोन लहान मुलांमागे एक मोठं माणूस नेमा. प्रत्येक लेकराच्या खिशात आईच्या फोन नंबरची चिठ्ठी प्लास्टिकमध्ये घालून ठेवा. चुकामूक झाली तर 1098 हा बालकांसाठीचा क्रमांक सगळ्यांना पाठ असू द्या. आणि बस सुटण्याआधी सगळ्या आयांना एकदा ठणकावून सांगा, की आज कुणाचंही लेकरू टाचा वर करणार नाही.