घर आणि परस : आधीं हंड्यांचा हिशेब

एका वाचकभगिनीनें लिहिलें आहे : “कूळकायद्यांतून उरलेली दीड एकर जमीन आमच्या वांट्यास आहे. माझे दोघे धाकटे दीर नोकऱ्या सोडून तेथें भाजीपाला करावयाचें म्हणतात. मामंजींना तें पसंत नाहीं. सासूबाईंना मात्र हुरूप आला आहे. घरांत माणसें अकरा. घरची भाजी भागून चार पैसे सुटतील काय?” प्रश्न घरगुती दिसतो, परंतु दोन चालू नोकऱ्या पणाला लागल्या आहेत; तेव्हां गोड बोलून मोकळें होणें बरें नव्हे.

या भगिनीला माझें सांगणें असें कीं, दिरांनीं प्रथम जव्हार-मोखाड्यास जाऊन यावें. जमीन घेण्यासाठीं नव्हे, कारण तेथील आदिवासींच्या जमिनीला कायद्याचें संरक्षण आहे, आणि तें योग्यच आहे, शिकण्यासाठीं जावें. पूर्वीं ठाणें जिल्ह्यांत असलेले हे डोंगरी तालुके २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत आहेत. येथें वर्षाकाठीं १०० इंचांहून अधिक पाऊस कोसळतो, आणि तरीही चैत्र-वैशाखांत बायका झऱ्याशीं बसून वाटीवाटीनें हंडा भरतात. जमीन उताराची, माती थोडी, खालीं कातळ. पाणी येतें तसें ओहोळांतून निघून जातें. मुंबईसाठीं वैतरणेवर बांधलेलें मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यांतच आहे. मुंबईच्या नळाला या डोंगरांचें पाणी येतें, आणि उन्हाळ्यांत त्याच तालुक्यांतील कित्येक पाडे टँकरची वाट पाहतात.

तेथील शेतकऱ्याला शेती येत नाहीं असें कोणीं समजूं नये. नागली, वरई, उडीद, खुरासणी हीं पिकें उतारावर कशीं घ्यावीं हें त्यानें आपणांस शिकवावें. पावसाळ्यांत रान हीच त्याची परसबाग : टाकळा, कुर्डू, करटोलीं, शेवळें. शेवळ्यांची खाज मारावयास काकडाचीं फळें घालावीं लागतात, हें आपल्या कांहीं सुगरणींना ठाऊक असेल. अडचण पडते ती दिवाळीनंतर. भात घरांत आलें कीं शेतांत ओल उरत नाहीं, कामही उरत नाहीं. मग कुटुंबेंच्या कुटुंबें भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात. मुलांची शाळा सुटते आणि जेवणाची आबाळ होते. १९९२-९३ सालीं जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी येथें बालकें कुपोषणानें दगावलीं, तेव्हां शहरांतल्या सुशिक्षितांचें या डोंगरांकडे लक्ष गेलें.

अशा मुलखांत ‘वाडी’ची पद्धत रुजली आहे. गांधीजींचे अनुयायी मणिभाई देसाई यांनीं १९६७ सालीं उरुळीकांचन येथें ‘बाएफ’ ही संस्था स्थापन केली. तिनें १९८२ च्या सुमारास गुजराथेंतील वांसदा येथें आदिवासी कुटुंबांसह वाडीचें काम आरंभिलें, आणि पुढें तें जव्हारकडे आलें. सुमारें एक एकरांत आंबा-काजूचीं झाडें, बांधावर जंगली झाडांचें जिवंत कुंपण, आणि मधल्या मोकळ्या जागेंत भाजी. आंब्याला फळ धरावयास चार-पांच वर्षें लागतात. तोंवर घर चालावें म्हणून भाजी. कित्येकांनीं मोगरा लावला. त्याच्या कळ्या मुंबईच्या बाजारांत जातात. ज्या घरीं पाणी पुरतें, त्या घराला भट्टीची वाट धरण्याचें कारण उरत नाहीं. परंतु आरंभींच्या उन्हाळ्यांत कलमें जगवावयास डोंगर चढून पाणी आणलें, तें बहुतेक घरांत बायकांनींच डोक्यावरून.

आतां आपला हिशेब करूं. एक गुंठा म्हणजे सुमारें १०० चौरस मीटर. हिंवाळ्यांत भाजीला दर चौरस मीटरास रोज चार लिटर पाणी धरिलें, तर एका गुंठ्यास ४०० लिटर, म्हणजे पंधरा लिटरांचे सत्तावीस हंडे झाले. अकरा माणसांना प्रत्येकीं ३०० ग्रॅमप्रमाणें रोज सव्वातीन किलो भाजी हवी. दोन गुंठे नीट पिकले तर ती निघावी. म्हणजे हंडे चौपन्न! विकावयाची भाजी याहून निराळी.

हे हंडे कोण वाहणार, हें प्रथम ठरवावें. आपल्या घरांत हुरूप एकाचा आणि हंडा दुसरीच्या कमरेवर, असें फार वेळां होतें. विहीर नसेल तर पावसाळ्यापूर्वीं खड्डा खणून त्याला जाड प्लास्टिकचें अस्तर घालावें. सहा मीटर लांब, चार मीटर रुंद, दीड मीटर खोल अशा खड्ड्यांत ३६,००० लिटर पाणी मावतें. तें एका गुंठ्यास नव्वद दिवसांचें होतें. कांहीं पाणी उन्हानें उडून जाणारच. म्हणून खड्ड्यावर सावली आणि वाफ्यांवर पालापाचोळा हवा. न्हाणीचें पाणी केळीला व अळवाला द्यावें. पावसाळ्यांत मांडवावर काकडी, दोडका, कारलें, पडवळ. ओल आहे तोंवर वाल आणि चवळी. साठविलेलें पाणी वांगीं, मिरची, मुळा, माठ यांस राखावें. बीं घरचें धरावें.

तेव्हां, भगिनी, दिरांना सांगा कीं नोकरी इतक्यांत सोडूं नका. यंदा दोनच गुंठे करा, एका हंगामाचा जमाखर्च मामंजींच्या हातीं द्या, आणि पहिले आठ दिवस चौपन्न हंडे तुम्हीं स्वतः वाहून पाहा. एवढें करूनही त्यांचा हुरूप टिकला, तर मामंजींनीं पुढच्या वर्षीं अर्धा एकर खुशाल द्यावा, आणि एका भावानें नोकरी सांभाळावी.

खड्ड्याचें अस्तर कसें घालावें, तें पुढील महिन्यांत लिहीन.