कुरतडलेल्या पानांची बाग

शाळेच्या आवारात बाग फुलावी व तीत फुलपाखरे यावीत, ही माजी विद्यार्थ्यांची इच्छा आम्हांस मनापासून मान्य आहे. परंतु त्यासाठी हिरवळ आणि शोभेची रोपे आणण्यास आमचा विरोध आहे. फुलांतील मध फुलपाखराला घटकाभर थांबवितो. त्याचा वंश वाढतो तो पानांवर, आणि प्रत्येक जातीची पाने ठरलेली असतात. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखराचा मान दिलेल्या ‘राणी पाकोळी’च्या अळ्या लिंबाच्या कुळातील पाने खातात. ती चुडाव्यास येवो न येवो, लिंबावरचे आपले नेहमीचे पिवळे-काळे फुलपाखरू याच पानांवर वाढते. त्याची कोवळी अळी तर पाखराच्या विष्ठेसारखी दिसून जीव वाचविते!

आपल्या काळ्या रानात बांधावर आपोआप उगवणारी रुई आपण तण म्हणून उपटतो. तिच्या चिकातील विष अळीच्या अंगी उतरते, म्हणून त्यातून निघालेले नारिंगी फुलपाखरू पक्षी टाळतात. या झुडपाला उन्हाळ्यातही पाणी घालावे लागत नाही. हिरवळीला मात्र वसतिगृहाचेच पाणी तोडून द्यावे लागेल.

पाने कुरतडलेली दिसताच कापसाच्या सवयीने फवारणीचा पंप बाहेर निघतो. पालकांनी ती पाने दुर्लक्षाची खूण मानू नयेत. भोजनगृहाच्या सांडपाण्यावर चार लिंबे व कढीपत्ता लावावा, तेथील ओल तशीच राहू द्यावी (नर फुलपाखरे ओल्या मातीतून क्षार शोषतात) आणि कुंपणालगतच्या रुईला हात लावू नये, एवढीच आमची मागणी आहे.