यंत्राचा ताप

घरांत कोणाचा ताप अठ्ठ्याण्णवाच्या पुढें सरकला कीं आम्ही सारेच धांवपळ करूं लागतों. यंत्रासही ताप येतो, आणि तो कोठें मोजावा हेंही शिकावें लागतें, हें मात्र पस्तीस वर्षें मुलांस संस्कृत शिकविलेल्या आम्हांस गेल्या वैशाखापर्यंत ठाऊक नव्हतें.

येथें झरीस आमच्या एकत्र कुटुंबांत धाकट्या बंधूंचा मुलगा लग्नकार्यांच्या चित्रफिती जुळवून देण्याचा व्यवसाय करतो. या कामास संगणकांत ग्राफिक्स कार्ड लागतें. नवें घेण्याची ऐपत नव्हती. म्हणून आईच्या भिशीचे पैसे घेऊन त्यानें मोठ्या शहरांतील एका गृहस्थाकडून जुनें कार्ड आणलें. ‘नव्यासारखें आहे’ असें त्या गृहस्थानें सांगितलें. तें आभासी चलन मिळविण्याच्या उद्योगांत महिनोन्‌महिने अहोरात्र राबलेलें होतें, हें पुढें खोदून विचारल्यावर कबूल झालें.

वैशाखांत भर दुपारीं पडद्यावर रंगीबेरंगी चौकोन उमटले आणि यंत्र बंद पडलें. एका वधूपित्याचें तीन दिवसांचें काम गेलें. ‘दिवसभर खेळत बसला असशील, यंत्रास ताप येतो होय?’ असें आम्ही बोलून गेलों. मुलगा गप्प राहिला. आमची भावजय त्या रात्रीं जेवली नाहीं. दुसऱ्या दिवशीं त्यानें आम्हांस पडद्यासमोर बसविलें. ‘अण्णा, हे दोन आंकडे पाहा. मुख्य चिप ६८ अंशांवर आहे. मेमरी १०८ वर!’ अंश सेल्सियस, हें वाचकांनीं लक्षांत घ्यावें. पाणी १०० अंशांस उकळतें.

हा भेद समजावयास आम्हांस दोन दिवस लागले. मुख्य चिपेभोंवतीं मेमरीच्या लहान लहान वड्या बसविलेल्या असतात. त्यांत प्रत्येक अक्षर विजेच्या सूक्ष्म थेंबाच्या रूपानें सांठवितात, आणि तो थेंब सतत झिरपत असतो. म्हणून क्षणोक्षणीं तो पुन्हा भरावा लागतो. गळक्या रांजणाचें उदाहरण येथें चपखल बसतें. उष्णता वाढली कीं गळतीही वाढते. साध्या संगणकाच्या मेमरींत सर्व भरणा ६४ सहस्रांश सेकंदांत एकदां होतो. ८५ अंशांच्या वर तो दुप्पट वेगानें करावा लागतो. भरणा चुकला कीं अक्षर बिघडतें. आमच्या पडद्यावर उमटलेले चौकोन असल्याच बिघाडाचे असावेत.

जीडीडीआर६एक्स नांवाची वेगवान मेमरी मायक्रॉन कंपनीनें काढली आणि २०२० सालीं एन्व्हिडियाच्या ३०८० व ३०९० या कार्डांत ती प्रथम आली. वेग मोठा, तशी उष्णताही मोठी. ३०९० मध्यें तर चोवीस वड्यांपैकीं बारा कार्डाच्या पाठीवर होत्या, जेथें पंख्याचा वारा पोंचत नाहीं. वडीच्या आंतील ताप दाखविण्याची सोय एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्यें २०२१ च्या आरंभीं झाली, तेव्हां कित्येकांनीं ११० हा आंकडा पाहून डोक्यास हात लावला. त्या ठिकाणीं कार्ड आपण होऊन गति कमी करतें. ११० ला वडी वितळत नाहीं. पण ती थांबण्याची सीमा आहे, राहण्याची जागा नव्हे. नेहमींच्या जीडीडीआर६ मेमरीस कवचावर ९५ अंशांची मर्यादा निर्मात्यांनीं घालून दिली आहे, आणि वडीचें पोट कवचाहून अधिक तापलेलें असतें हेंही ध्यानांत ठेवावें.

आतां आमच्या गांवची गोष्ट. थंड देशांतील लोक आपल्या २२ अंशांच्या खोलींतील आंकडे सांगतात. त्यांचा आम्हांस काय उपयोग? काम तेंच असेल तर वडीचा ताप खोलीच्या तापाहून जवळजवळ ठराविक अंतरानें वर राहतो. मुलाची खोली वरची, पत्र्याची. पहांटे खोलींत ३० तर मेमरी ९४. दुपारीं खोलींत ४३ तर मेमरी १०७. अंतर प्रायः ६४. हें गणित आम्हीं स्वतः तीन दिवस वहींत मांडलें, आणि मुलास बोललेले शब्द परत घेतले. पुण्याच्या आयसर संस्थेंत २०१९ सालीं बसविलेल्या ‘परम ब्रह्म’ महासंगणकास द्रवानें थंड ठेवण्याची योजना आहे. आमच्यापाशीं काय होतें? खालचें जुनें माळवद.

जाड भिंती, वर मातीचें धाबें. भर दुपारीं पारा ३४ च्या वर जात नाहीं. पण ती खोली आमच्या मातुःश्रींची, आणि त्यांचें वय सत्याऐंशी. विचारण्याचें धैर्य कोणासच होईना. त्यांनींच एकदां विचारलें, ‘त्या डब्याला ऊन बाधतंय का रे? मग माझ्या खोलीत आणा. मी ओसरीवर निजेन.’ ओसरीवर रात्रीं वारा बरा, एवढें म्हणून त्यांनीं विषय संपविला. आम्हीं मात्र दुसऱ्या दिवशींच त्यांची बाज आमच्या खोलींत घेतली व आम्ही ओसरीवर आलों.

मग परभणीच्या एका जाणत्या कारागिराकडून कार्ड उघडविलें. पंख्यांत धूळ, आणि तींत कापसाचे तंतू! आमच्या भागांत हें व्हावयाचेंच. वडी व धातूचा शीतक यांमध्यें मऊ पॅड असतात; ते आटून कडक झाले होते व त्यांतून तेल सुटलें होतें. नवे घालतांना जाडी मूळचीच ठेवावी लागते. अधिक जाड घातले तर मुख्य चिप शीतकास टेंकत नाहीं आणि तीच तापूं लागते. शिवाय मुलानें कार्डाची वीज शंभराऐवजीं ऐंशी टक्क्यांवर बांधली. कामास थोडा वेळ अधिक लागतो. वाळ्याचा कूलर यंत्रावर थेट सोडण्याचा विचार आमचा होता. तुषार आंत जातील म्हणून त्यानें तो मोडून काढला, आणि तें योग्यच केलें.

सध्यां मेमरी ८६ च्या आसपास राहते. वधूपित्याचें काम चार दिवस उशिरा गेलें. त्यांनीं पैसे कापले नाहींत. भिशीचे मात्र अजून निम्मेच फिटले आहेत. मातुःश्री रोज संध्याकाळीं दाराशीं येऊन विचारतात, ‘आज किती?’ आणि मुलगा आंकडा सांगतो.